काळी फिल्म, पिवळी फिल्म: पेरोव्हस्काइट संशोधनाविषयी वाचकांचे प्रश्न

पेरोव्हस्काइट सौर सेलच्या संशोधनात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची, काही प्राध्यापकांची आणि एका पालकांची पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. प्रत्यक्ष काम करताना काय बिघडते, या प्रश्नांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे. प्रवेशाच्या तारखा कुठेही मिळतात, पण फिल्म (काचेवरचा पेरोव्हस्काइटचा पातळ थर) धुरकट का झाली हे शोधनिबंधात कोणी लिहीत नाही.

प्रश्न: पेरोव्हस्काइट म्हणजे नेमके काय? इतकी वर्षे संशोधन झाल्यावर आता या विषयात शिरणे म्हणजे उशीर तर नाही ना? (बी.एस्सी. तृतीय वर्ष, भौतिकशास्त्र, कराड)

हे एका पदार्थाचे नाव नाही, स्फटिकरचनेचे आहे. १८३९ मध्ये उरल पर्वतात सापडलेल्या कॅल्शियम टायटानेट या खनिजाला गुस्टाव रोझ यांनी लेव्ह पेरोव्स्की या रशियन अधिकाऱ्याचे नाव दिले. तशीच रचना असलेले सगळे पदार्थ पुढे या नावाने ओळखले जाऊ लागले. सौर सेलमधल्या पेरोव्हस्काइटमध्ये कॅल्शियमही नसते आणि टायटॅनियमही नसते. तिथे तीन जागा असतात. पहिल्या जागेवर मिथाइलअमोनियम, फॉर्मामिडिनियम किंवा सीझियम बसते, दुसऱ्या जागेवर शिसे किंवा कथील, आणि तिसरीवर आयोडीन किंवा ब्रोमीन. आयोडीनच्या जागी ब्रोमीन घालत गेले की बँड गॅप (पदार्थाला प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) वाढत जातो. मिथाइलअमोनियम लेड आयोडाइडचा बँड गॅप सुमारे १.५५ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे आणि पूर्ण ब्रोमाइडचा सुमारे २.३. बाटलीतल्या द्रावणाचे प्रमाण बदलून बँड गॅप हवा तसा ठरवता येतो, ही सोय सिलिकॉनमध्ये नाही.

२००९ मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने ३.८ टक्के कार्यक्षमतेचा पहिला सेल प्रसिद्ध केला. त्यात द्रव इलेक्ट्रोलाइट होते आणि त्यातच पेरोव्हस्काइट विरघळून जाई. २०१२ मध्ये द्रवाऐवजी घन थर आले आणि आकडा १० टक्क्यांच्या आसपास पोचला. आज लहान सेलची प्रमाणित कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या पुढे आहे.

उशिराबद्दल सांगायचे तर, एकट्या पेरोव्हस्काइट सेलची कार्यक्षमता आणखी अर्ध्या टक्क्याने वाढवण्याच्या शर्यतीत उतरायचे असेल तर हो, उशीर झाला आहे. तिथे चीन, कोरिया आणि युरोपातले मोठे गट शेकडो हातांनी काम करतात. उरलेले प्रश्न मात्र अजून तसेच आहेत. सेल उन्हात, उष्णतेत आणि दमटपणात वर्षानुवर्षे टिकायला हवा. नखाएवढ्या काचेवर जमलेली फिल्म दाराएवढ्या काचेवर जमायला हवी. आणि सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट चढवून टँडेम, म्हणजे दुमजली, सेल करायचा आहे. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा २९.४ टक्के आहे, तर २०२४ मध्ये लोंगी या चिनी कंपनीचा टँडेम सेल ३४.६ टक्क्यांवर प्रमाणित झाला. त्याच वर्षी ऑक्सफर्ड पीव्हीने जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गच्या कारखान्यातून टँडेम पॅनेल विक्रीसाठी पाठवायला सुरुवात केली. म्हणजे कारखाना सुरू झाला आहे आणि पंचवीस वर्षांची हमी कशाच्या जोरावर द्यायची हे अजून ठरायचे आहे. संशोधकाला काम मिळायला याहून चांगली वेळ नाही.

प्रश्न: एम.एस्सी. भौतिकशास्त्र करू की रसायनशास्त्र? पीएच.डी.साठी नेट की गेट? आणि पैसे किती मिळतात? (सांगली, बार्शी आणि पणजी येथून)

दोन्ही चालतात, तिसरा रस्ता मटेरियल सायन्सचा. द्रावण, लिगंड, स्फटिकवाढ यांत रस असेल तर रसायनशास्त्र घ्या. उपकरणाचे मापन, पुनर्संयोग (सुटलेला इलेक्ट्रॉन वीज न देताच परत जोडला जाणे), प्रकाशमापन यांत रस असेल तर भौतिकशास्त्र. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोलॅरिटीचे गणित येत नाही आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला डायोडचे समीकरण माहीत नसते, ही दोन्ही बाजूंची नेहमीची उणीव. ती एम.एस्सी.तच भरून काढा.

सीएसआयआर-नेट वर्षातून दोनदा होते. तीतून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर फेलोशिप तुमच्या नावावर असते आणि गाइड निवडताना तुमचा हात वर राहतो. गेटचा निकाल तीन वर्षे चालतो आणि आयआयटींना तो चालतो. भौतिकशास्त्रासाठी जेस्टही आहे. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ दरमहा ३७,००० रुपये आणि एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलोशिप) ४२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्याही पीएच.डी. फेलोशिप आहेत. जाहिराती आल्या की जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर यांपैकी जे लागेल ते हाताशी ठेवा. दाखल्यापायी अर्ज हुकलेले विद्यार्थी गुणांपायी हुकलेल्यांपेक्षा कमी नसतात.

संस्थांचे म्हणाल तर मुंबईत आयआयटीचे राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन व शिक्षण केंद्र आहे. तिथे सिलिकॉन आणि पेरोव्हस्काइट दोन्ही एका छताखाली आहेत, त्यामुळे टँडेमसाठी ती जागा सोयीची. पुण्यात एनसीएल, आयसर आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांच्या संशोधनाची जुनी परंपरा आहे आणि तिथून दक्षिण कोरियाला पोस्टडॉकसाठी जाण्याची वाटही मळलेली आहे. राज्याबाहेर बंगळुरूचे आयआयएससी व जेएनसीएएसआर, तिरुवनंतपुरमचे एनआयआयएसटी, दिल्ली, कानपूर व रुरकी येथील आयआयटी पाहा.

प्रश्न: दोन ठिकाणी निवड झाली आहे. प्रयोगशाळा चांगली आहे हे बाहेरून कसे ओळखायचे? (एम.एस्सी. उत्तीर्ण, लातूर)

गाइडच्या शोधनिबंधांची संख्या शेवटी मोजा. आधी एक दिवस प्रयोगशाळेत जा आणि तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना चहाला बोलवून पुढचे विचारा.

ग्लोव्ह बॉक्स (आत नायट्रोजन भरलेली, हातमोज्यांतून काम करायची बंद पेटी) किती आणि त्यात हात घालणारे किती? आठ जणांत एक बॉक्स असेल तर आठवड्यातून एक दिवस तुमच्या वाट्याला येईल. धातूचा थर चढवणारा इव्हॅपोरेटर स्वतःचा आहे की दुसऱ्या विभागाचा? दुसऱ्याचा असेल तर सोन्याच्या थरासाठी तुमचे सेल चार दिवस डब्यात पडून राहतील आणि त्या चार दिवसांत जे बिघडेल त्याचे खापर तुमच्या रेसिपीवर फुटेल. सोलर सिम्युलेटर (कृत्रिम सूर्यप्रकाश टाकणारा दिवा) कोणत्या संदर्भ-सेलने आणि शेवटी केव्हा कॅलिब्रेट केला? उत्तरादाखल सगळे एकमेकांकडे पाहू लागले तर समजून जा. सेलवर सतत प्रकाश टाकून शेकडो तास वीज मोजणारी यंत्रणा आहे का? ती नसेल तर टिकाऊपणावर प्रबंध लिहिता येणार नाही, आणि पुढची नोकरी टिकाऊपणावरच मिळणार आहे.

मग त्या गटाचे दोन शोधनिबंध उघडा. सर्वांत चांगल्या एकाच सेलचा आलेख दिला आहे, की तीस-चाळीस सेलची विखुरणी दाखवली आहे? २३ टक्क्यांचा एक सेल आणि बाकीचे १५ ते १८, यापेक्षा सगळे १९ ते २० मध्ये बसवणारा गट तुम्हाला जास्त शिकवेल.

प्रश्न: आमचे कॉलेज कोकणात आहे. ग्लोव्ह बॉक्स नाही. स्पिन कोटर (काच गरगर फिरवून द्रावणाचा पातळ थर देणारे यंत्र), हॉट प्लेट आणि एक्सआरडीची (क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहण्याची) बाहेरून सोय आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पेरोव्हस्काइट घेता येईल का? (प्राध्यापक, रत्नागिरी जिल्हा)

घेता येईल, पण जुलैत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ ठरवा आणि पावसाळ्यात काचा धुणे, टिन ऑक्साइडचे थर, वाचन ही कामे उरकून घ्या. ३०० रुपयांचा आर्द्रतामापक स्पिन कोटरशेजारी ठेवा आणि प्रत्येक फिल्मच्या नोंदीत आर्द्रता व तापमान लिहा. एवढ्या एका सवयीने प्रकल्पाची किंमत वाढते. अॅक्रिलिकची पेटी करून तीत सिलिका जेल आणि कोरडी हवा सोडली तर ३० टक्क्यांच्या खाली येता येते.

सुरुवात मिथाइलअमोनियम लेड आयोडाइडने करा. फॉर्मामिडिनियमचे पेरोव्हस्काइट जास्त टिकते, पण त्याची काळी अवस्था खोलीच्या तापमानाला स्थिर नसते. दमट हवेत ती पाहता पाहता पिवळी पडते आणि नवशिक्याला चूक कुठे झाली ते कळत नाही.

कृती अशी. लेड आयोडाइड ५७६ मिलिग्रॅम आणि मिथाइलअमोनियम आयोडाइड १९९ मिलिग्रॅम एका कुपीत घ्या. त्यात ८०० मायक्रोलिटर डीएमएफ आणि २०० मायक्रोलिटर डीएमएसओ हे द्रावक घाला. हे १.२५ मोलरचे द्रावण झाले. काटेकोर बोलायचे तर ही १ मिलिलिटर द्रावकातली मात्रा आहे, द्रावणातली नाही, कारण क्षार विरघळल्यावर आकारमान वाढते. कोणती पद्धत वापरली ते वहीत लिहा आणि वर्षभर तीच ठेवा. ६० अंशांवर अर्धा तास ढवळा. द्रावण स्वच्छ पिवळे दिसले पाहिजे. मग ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळा. साधा नायलॉनचा फिल्टर नको, डीएमएफमध्ये त्याचा भरवसा नाही.

काच साबणपाणी, डीआयनाइज्ड पाणी, अॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल या क्रमाने प्रत्येकी १५ मिनिटे अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धुवा. यूव्ही-ओझोन असेल तर १५ मिनिटे त्यात ठेवा. नसेल तर द्रावण काचेवर पसरणार नाही, मणी होऊन बसेल. अडीच सेंटिमीटरच्या चौरस काचेवर ७० ते ८० मायक्रोलिटर द्रावण टाका, मिनिटाला ४००० फेऱ्यांवर ३० सेकंद फिरवा. साधारण आठव्या ते दहाव्या सेकंदाला वरून २०० मायक्रोलिटर अँटीसॉल्व्हंट (ज्यात पेरोव्हस्काइट विरघळत नाही आणि म्हणून स्फटिक लगेच बनू लागतात असा द्रव) एका धारेत सोडा. कोरड्या पेटीत क्लोरोबेन्झिन चालते. दमट हवेत इथाइल अॅसिटेट बरे, ते हवेतली वाफ स्वतःकडे ओढून घेते आणि फिल्मला थोडी सवड देते. लगेच १०० अंशांच्या हॉट प्लेटवर १० मिनिटे. हॉट प्लेटचा आकडा आणि काचेचे तापमान यांत १० अंशांचा फरक सहज असतो, म्हणून पृष्ठभागावर थर्मोकपल टेकवून एकदा पाहून घ्या.

ही फिल्म काळपट, आरशासारखी दिसली आणि एक्सआरडीमध्ये १४.१ अंशांवर (हा कोन, तापमान नाही) पेरोव्हस्काइटचे ठसठशीत शिखर मिळाले की काम जमले. १२.७ अंशांवर शिखर असेल तर ते सुट्या लेड आयोडाइडचे. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला सेल पूर्ण करण्याचा अट्टहास नको. एकाच रेसिपीच्या फिल्म ३०, ५० आणि ७० टक्के आर्द्रतेत ठेवून त्या किती दिवसांत पिवळ्या पडतात याचा शोषणपटल आणि एक्सआरडीने अभ्यास करा. ही आर्द्रता विकत आणावी लागत नाही, हा कोकणाचा फायदाच म्हणायचा.

सेलच करायचा असेल तर कार्बन इलेक्ट्रोडचा मार्ग पाहा. टायटॅनियम डायऑक्साइड, झिर्कोनियम डायऑक्साइड आणि कार्बन असे तीन सच्छिद्र थर स्क्रीन प्रिंटिंगने छापायचे, भाजायचे आणि वरून द्रावण झिरपू द्यायचे. सोने नको, इव्हॅपोरेटर नको. कार्यक्षमता कमी येते, पण टिकाऊपणात हे सेल महागड्या सेलच्या तोंडात मारतील असे आहेत. भाजण्यासाठी ५०० अंशांपर्यंत जाणारी भट्टी मात्र लागते.

प्रश्न: फिल्म कधी चकचकीत, कधी पांढुरकी. कार्यक्षमता एका बॅचला १७, दुसरीला ९. रेसिपी तीच. काय चुकते? (पीएच.डी. दुसरे वर्ष, पुणे)

'रेसिपी तीच' हे वाक्य तपासण्यापासून सुरुवात करा. मिथाइलअमोनियम आयोडाइडची बाटली तीच होती का? हायड्रोआयोडिक अॅसिड टिकवण्यासाठी घातलेल्या हायपोफॉस्फरस अॅसिडचे अवशेष या क्षारात राहतात आणि त्यांच्या प्रमाणानुसार स्फटिकवाढ बदलते. म्हणून प्रत्येक बाटलीचा लॉट क्रमांक नोंदवा आणि नवी बाटली उघडली की जुनीसोबत एक बॅच करून पाहा. द्रावण किती तास जुने होते? ग्लोव्ह बॉक्समध्ये त्याआधी कोणी डीएमएफ उघडे ठेवले होते का? द्रावकाची वाफ बॉक्समध्ये साठली की तुमची फिल्म सुकायला वेळ लागतो आणि अँटीसॉल्व्हंटची वेळ दोन-तीन सेकंदांनी सरकते. पाणी आणि ऑक्सिजनचे मीटर यात काही दाखवत नाहीत, दोन्ही १ पीपीएमच्या खालीच असतात. स्पिन करताना शुद्धीकरण बंद ठेवून नंतर बॉक्स नायट्रोजनने धुवून घेण्याचा नियम सगळ्यांनी पाळला तरच उपयोग, नाहीतर एकाचे डीएमएफ आणि सगळ्यांचे हाल.

फिल्मकडे पाहून बरेच कळते. सगळीकडे पांढुरकी असेल तर बहुधा अँटीसॉल्व्हंट उशिरा पडले. मधोमध गोल डाग असेल तर पिपेट फार जवळ होती किंवा धार जोरात सोडली. मधून कडेपर्यंत धूमकेतूसारख्या रेघा गेल्या असतील तर धूळ किंवा न गाळलेले द्रावण. कडा पिवळसर झाल्या असतील तर उष्णता जास्त झाली, मिथाइलअमोनियम उडून गेले आणि लेड आयोडाइड मागे राहिले.

मग करंट-व्होल्टेजचा आलेख पाहा. व्होल्टेज ०.८ व्होल्टच्या आसपास घसरले आहे आणि शून्य व्होल्टला आलेख सपाट न राहता उतरता आहे, तर शॉर्ट झाले आहे. फिल्मला भोके आहेत किंवा काचेवरचा वाहक थर कोरताना जस्ताची भुकटी आणि आम्ल यांनी कडा खडबडीत राहिल्या आहेत. आलेख एस आकाराचा आला तर कुठल्यातरी सीमेवर अडथळा आहे. स्पायरो-ओमेटॅड (पेरोव्हस्काइट आणि सोने यांच्यामधला, धन प्रभार वाहून नेणारा थर) वापरत असाल तर ते रात्रभर कोरड्या हवेत ठेवले होते का ते विचारा. ७२.३ मिलिग्रॅम स्पायरो १ मिलिलिटर क्लोरोबेन्झिनमध्ये, २८.८ मायक्रोलिटर टर्ट-ब्युटाइलपिरिडिन आणि १७.५ मायक्रोलिटर लिथियम क्षाराचे द्रावण ही नेहमीची कृती. त्या थराला ऑक्सिजन मिळाल्याशिवाय तो नीट वाहत नाही. नायट्रोजनमध्येच ठेवून लगेच सोने चढवले की दोन दिवसांनी 'आपोआप सुधारणारे' सेल मिळतात आणि विद्यार्थी कारण शोधत बसतात. लिथियम क्षार हवेतले पाणी ओढतो, म्हणून हवा कोरडी हवी.

करंट अपेक्षेपेक्षा जास्त आला तर आनंद करण्याआधी मास्क (सेलवर ठेवायचे, मोजक्या भोकाचे झाकण) पाहा. सेलचे क्षेत्रफळ ०.१० चौरस सेंटिमीटर धरले आणि काळ्या मास्कशिवाय मोजले, तर कडेचा प्रकाशही आत शिरतो. प्रत्यक्ष ०.११ मधून वीज आली की आकडा फुकटचा दहा टक्क्यांनी फुगतो. १.५५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पदार्थाला प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे २७ मिलिअँपिअरच्या पुढे जाताच येत नाही. २३ मिलिअँपिअर, १.१० व्होल्ट आणि ०.७८ फिल फॅक्टर (आलेख चौकोनाच्या किती जवळ जातो त्याचे माप), म्हणजे १९.७ टक्के, हा प्रामाणिक आणि चांगला सेल आहे. ईक्यूई (प्रत्येक रंगाच्या प्रकाशातले किती फोटॉन विजेत बदलतात ते प्रमाण) मोजून त्यातून काढलेला करंट आणि सिम्युलेटरवरचा करंट यांत पाच टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर दोघांपैकी एक खोटा आहे.

आणि दोन्ही दिशांनी मोजा. जास्त व्होल्टेजकडून शून्याकडे येताना १९ आणि उलट जाताना १५ येत असेल तर १९ लिहू नका. पेरोव्हस्काइटमधले आयन हळू सरकतात, त्यामुळे हा फरक पडतो आणि मापनाच्या वेगावर तो बदलतो. कमाल शक्तीच्या बिंदूवर सेल धरून पाच मिनिटे वीज मोजा. जो आकडा स्थिरावेल तोच तुमचा.

प्रश्न: मुलीला या विषयात पीएच.डी. करायची आहे. शिशाने तिच्या तब्येतीवर परिणाम होणार नाही ना? (पालक, नाशिक)

काळजी योग्य आहे, पण तिचा रोख थोडा बदला. तयार पॅनेलमध्ये शिसे फारच कमी असते. अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या थरात चौरस मीटरला सुमारे ०.७ ग्रॅम. गाडीच्या बॅटरीत ते किलोंनी असते. प्रयोगशाळेतला धोका वेगळा आहे, कारण तिथे शिशाची भुकटी वजन केली जाते आणि ते विरघळलेल्या रूपात हाताळले जाते. भुकटी नाकातोंडात जाऊ नये म्हणून वजन करण्याचे काम फ्यूम हूड किंवा ग्लोव्ह बॉक्समध्येच व्हावे.

शिशाइतकेच, किंबहुना रोजच्या कामात त्याहून जास्त, डीएमएफकडे लक्ष हवे. ते यकृताला आणि गर्भाला घातक आहे आणि पातळ निळ्या नायट्राइल हातमोज्यातून काही मिनिटांत पार होते. डीएमएसओ स्वतः फारसे विषारी नाही, पण त्यात विरघळलेला पदार्थ ते त्वचेतून आत नेते. आणि त्यात विरघळलेले असते शिसेच. म्हणून हातमोज्यावर थेंब पडला की हातमोजा लगेच काढायचा, पुसून वापरायचा नाही. जाड ब्यूटाइल हातमोजे या कामाला योग्य. प्रयोगशाळेत खाणेपिणे नाही, तेच हात मोबाइलला लावणे नाही. शिसेमिश्रित कचरा वेगळ्या, नाव लिहिलेल्या डब्यात, बेसिनमध्ये कधीही नाही. वर्षातून एकदा रक्तातले शिसे तपासून घ्यावे. गर्भधारणेचा विचार असेल तेव्हा द्रावणाचे काम पूर्ण थांबवून मापन किंवा विश्लेषण घेता येते. ते मागण्यात संकोच वाटू नये असे वातावरण त्या प्रयोगशाळेत आहे का, हे मुलीला आधीच पाहायला सांगा.

प्रश्न: आमच्याकडे फक्त संगणक आहे. स्कॅप्सवर सिम्युलेशन करून शोधनिबंध काढले तर करिअर होईल का? (सोलापूर)

स्कॅप्स हा बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाचा मोफत प्रोग्राम शिकण्यासाठी उत्तम आहे. पण जाडी आणि दोषांची घनता बदलत बदलत '३१ टक्के' गाठणारे निबंध इतके झाले आहेत की निवड समितीला त्यांचे काही वाटत नाही. एखाद्या प्रयोगशाळेच्या खऱ्या सेलचा आलेख घ्या, अंधारातला आणि प्रकाशातला, आणि दोन्ही एकाच मापदंडांच्या संचाने जुळवून दाखवा. ते जमेल तेव्हा सिम्युलेशन आले म्हणायचे.

प्रश्न: पीएच.डी. संपत आली. परदेशी पोस्टडॉक, की इथेच नोकरी? भारतात पेरोव्हस्काइटच्या कंपन्या तर दिसत नाहीत. (मुंबई, छत्रपती संभाजीनगर)

भारतात निव्वळ पेरोव्हस्काइटवर चालणाऱ्या नोकऱ्या आज मोजक्याच आहेत, त्यामुळे केवळ त्यांच्या भरवशावर राहू नका. तुमचे कौशल्य पेरोव्हस्काइटचे नाही, पातळ थरांचे आहे, हे बायोडेटात दिसू द्या. निर्वात बाष्पीभवन, स्पटरिंग, एएलडी (अणूंचा एकेक थर चढवणे), स्लॉट-डाय कोटिंग (बारीक फटीतून द्रावण सोडून थर देणे), लेझर स्क्राइबिंग, ईक्यूई, फोटोल्युमिनेसन्स ही कामे सिलिकॉन सेलच्या कारखान्यांना, डिस्प्लेला, सेमीकंडक्टरच्या नव्या प्रकल्पांना आणि बॅटरीवाल्यांनाही लागतात. 'स्पिन कोटिंगमध्ये प्रावीण्य' असे लिहिलेत तर कारखान्यातला माणूस पुढचे वाचणार नाही, कारण त्याच्याकडे स्पिन कोटर नाही. प्रबंधाच्या शेवटच्या वर्षात एक तरी प्रयोग ब्लेडने किंवा स्लॉट-डायने करा. स्पिनची रेसिपी ब्लेडवर चालत नाही, कारण तिथे फेऱ्यांच्या जोराने द्रावक उडत नाही आणि अँटीसॉल्व्हंट ओतताही येत नाही. द्रावक बदलावे लागतात, सुकवायला हवेचा झोत किंवा निर्वात लागते. मुलाखतीत हा फरक सांगता आला की समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकतो.

त्याच्याच जोडीला टिकाऊपणाच्या चाचण्यांची भाषा शिका. पॅनेलसाठी आयईसी ६१२१५ हे मानक आहे. त्यात ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास, उणे ४० ते अधिक ८५ अंशांची २०० आवर्तने अशा परीक्षा असतात. संशोधनाच्या पातळीवर आयसॉस नावाचे संकेत २०२० पासून पेरोव्हस्काइटसाठी ठरले आहेत. अंधारात ठेवले, प्रकाशात ठेवले, दिवस-रात्रीसारखे बदलत ठेवले, यांची वेगवेगळी नावे आहेत. 'सेल १००० तास टिकला' एवढेच लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न येतो: कशात? नायट्रोजनमध्ये २५ अंशांवर अंधारात टिकणे आणि रत्नागिरीच्या गच्चीवर टिकणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोने ७० अंशांच्या वर स्पायरोमधून खाली झिरपते, मिथाइलअमोनियम ८५ अंशांवर तग धरत नाही, आणि आयोडीन-ब्रोमीन मिश्रणात प्रकाश पडला की ब्रोमीन जास्त असेल तिथे दोघे वेगळे होऊ लागतात. टँडेमच्या वरच्या सेलला सुमारे १.६८ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे ब्रोमीन घालावेच लागते. ही शेवटची अडचण टँडेमवाल्यांच्या मुळावर बसलेली आहे, आणि ज्याने तिच्यावर काम केले आहे त्याला पोस्टडॉक शोधत फिरावे लागत नाही.

परदेशात जायचेच असेल तर जर्मनीत बर्लिनचे हेल्महोल्ट्झ केंद्र, फ्रायबुर्गचे फ्राउनहोफर आयएसई, कार्लस्रुह आणि युलिश. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि स्वान्सी. स्वित्झर्लंडमध्ये लोझानचे ईपीएफएल. कोरियात युनिस्ट आणि सुंगक्युनक्वान ही नावे पाहा. एम.एस्सी.नंतर थेट युरोपात पीएच.डी. करायची असेल तर मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागा चांगल्या. अट एवढीच की ज्या देशात जायचे तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावे. जर्मनीत पीएच.डी. ही पगारी नोकरी असते, सहसा ई-१३ या सरकारी वेतनश्रेणीच्या काही टक्के पगाराची. भारतात राहून पोस्टडॉक करायचा असेल तर एएनआरएफ या केंद्रीय संशोधन-निधी संस्थेची राष्ट्रीय फेलोशिप आहे.

प्राध्यापकांना ईमेल पाठवताना 'तुमच्या संशोधनाने प्रेरित झालो' हे वाक्य काढून टाका. त्याऐवजी चार ओळी लिहा: कोणती रचना केली, किती सेलची सरासरी किती, कोणते यंत्र स्वतः दुरुस्त करता येते, आणि त्यांच्या अलीकडच्या निबंधातला कोणता प्रयोग तुम्ही पुढे नेऊ शकता. ग्लोव्ह बॉक्सचे शुद्धीकरण-स्तंभ स्वतः रिजनरेट (पुन्हा ताजे) केले असतील तर तेही लिहा. कुठल्याही गटात हे काम करायला कोणी तयार नसते.

प्रश्न: मी इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर आहे. रसायन येत नाही. या क्षेत्रात जागा आहे का? (पिंपरी)

आहे, आणि गर्दीही कमी. बहुतेक प्रयोगशाळांना एकाच वेळी ५० सेल प्रकाशाखाली धरून प्रत्येकाचा कमाल शक्तीचा बिंदू स्वतंत्र शोधणारी यंत्रणा हवी असते. विकतची महाग पडते. पांढऱ्या एलईडीचे फलक, प्रत्येक सेलला वेगळा सोर्स-मेजर चॅनेल, तापमान ६५ किंवा ८५ अंशांवर धरणारी प्लेट, दर मिनिटाला नोंद आणि वीज गेली तर पुन्हा आपोआप सुरू होणारा प्रोग्राम, एवढे बांधता आले तर पाहा. वीज गेल्यावर सेल ओपन सर्किटवर राहतात की शॉर्टवर, हे मात्र आधी ठरवा. ओपन सर्किटवर प्रकाशात राहिलेले सेल लवकर खराब होतात आणि सहा आठवड्यांचा डेटा एका दुपारी निरुपयोगी होतो.